मागच्या सीटवर नक्की कोण बसणार?

पत्राचा सारांश: बोरिवली पश्चिमेला आईसोबत राहणाऱ्या आणि ऐरोलीतील एका आयटी कंपनीत काम करणाऱ्या ३६ वर्षांच्या वाचक भगिनींना आपली अकरा वर्षे वापरलेली हॅचबॅक विकून नवी गाडी घ्यायची आहे. आठवड्यातून तीन दिवस त्या गाडीने ऑफिसला जातात. मागे उतरत्या छताची कूपे आपल्याकडे असावी, ही त्यांची कॉलेजच्या दिवसांपासूनची इच्छा आहे. हाताशी ६ लाख रुपये आहेत, ९ लाखांचे कर्ज मिळते आहे आणि सगळे कर, विमा धरून १५ लाखांच्या वर जायचे नाही, असे त्यांनी ठरवले आहे. एक पर्याय म्हणजे टाटा कर्व्ह किंवा सिट्रोएन बसाल्ट यांसारखी चार दारांची नवी कूपे एसयूव्ही. दुसरा पर्याय म्हणजे जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याकडे तेवढ्याच पैशांत उभी असलेली, आठ वर्षे जुनी, दोन दारांची जर्मन कूपे. आईच्या उजव्या गुडघ्याचे सांधेरोपण गेल्या वर्षी झाले आहे. डोंबिवलीला राहणारे मोठे भाऊ म्हणतात, “आईला मागे बसता-उठता येणार नाही. सरळ सेडान घे, ही हौस करण्याचे वय गेले.” इमारतीत पझल पार्किंग (गाड्या यंत्राने वर-खाली, आडव्या सरकवणारे मजल्यांचे पार्किंग) आहे. त्या विचारतात, “रोजच्या वापराला अशी गाडी घेणे हा माझा स्वार्थ आहे का? आणि नसेल, तर यांपैकी कोणती घ्यावी?”

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात आईंचा उल्लेख वारंवार येतो. त्यांचा गुडघा, त्यांचे बसणे-उठणे, त्यांची संभाव्य गैरसोय हे सगळे आहे. मात्र त्यांना स्वतःला काय वाटते हे एकदाही आलेले नाही, आणि यांपैकी एखाद्या गाडीत त्यांना बसवून पाहिल्याचेही तुम्ही लिहिलेले नाही. भावाने एक चित्र उभे केले, तुम्ही ते खरे धरले आणि त्यावरून स्वतःला स्वार्थी ठरवायला निघालात. त्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकते. पैसे तुमचे आहेत, हप्ता तुम्ही भरणार आहात आणि आठवड्यातले बहुतेक किलोमीटर तुम्ही एकटीने चालवणार आहात. अशा गाडीचा आकार आपल्या मनासारखा असावा असे वाटण्यात गैर काहीच नाही. त्या आकारापायी कोणाला, कुठे आणि किती तडजोड करावी लागेल, एवढेच पाहायचे उरते, आणि तेही गाडी घेण्याआधी पाहता येते.

गाडीत प्रत्यक्ष कोण कुठे बसते, याचा हिशेब मांडून पाहा. ऑफिसला जाताना तुम्ही एकट्या असता. दवाखाना, बँक, नातेवाइकांकडे जाणे, अशा वेळी तुम्ही आणि आई, म्हणजे आई पुढच्या सीटवर. या गाड्यांच्या छताचा उतार मागच्या सीटच्या आसपास सुरू होतो. पुढे बसणाऱ्याला त्याचा काहीच फरक पडत नाही. भाऊ, वहिनी आणि मुले सोबत असली, तरी गुडघ्याचा त्रास असलेल्या माणसाला पुढेच बसवण्याची आपल्याकडे रीत आहे. मग मागे बसणार कोण? तुमचे बंधुराज. त्यांची उंची तुम्ही लिहिलेली नाही, पण ते पावणेसहा फुटांच्या पुढे असतील, तर कूपेच्या छताबद्दलचे त्यांचे मत एका अर्थी स्वतःच्याच डोक्याची काळजी ठरते.

अर्थात आईंना पुढे बसणे नकोसे वाटत असेल, हेही शक्य आहे. समोरची वाहने पाहून धास्ती वाटते, पुढे बसले की गप्पा मारता येत नाहीत, दुखरा पाय मागच्या सीटवर आडवा ठेवता येतो, असे म्हणणारी ज्येष्ठ मंडळी कितीतरी असतात. म्हणून त्यांना विचारायचे, आणि नुसते विचारून थांबायचे नाही.

त्यांना शोरूममध्ये घेऊन जा. रोजची साडी किंवा ड्रेस आणि रोजच्याच चपला असू द्या. मागचे दार पूर्ण उघडून त्यांना स्वतःहून बसू द्या आणि मदतीला धावणाऱ्या विक्रेत्याला जरा लांब उभे करा. सांधेरोपण झालेली व्यक्ती बहुधा पाठमोरी होऊन आधी सीटच्या कडेवर टेकते आणि मग वळत दोन्ही पाय आत घेते. टेकताना सीट किती खाली लागते, वळताना डोके दाराच्या वरच्या चौकटीला आपटते का, उतरताना छताजवळची मूठ चाचपडावी न लागता हाती येते का आणि दाराखालची पट्टी किती रुंद आहे, हे बारकाईने पाहा. ती पट्टी रुंद असली की जमिनीपर्यंत पोहोचण्यासाठी पाय बराच बाहेर टाकावा लागतो, सगळा भार एका गुडघ्यावर येतो आणि पावसाळ्यात पट्टीवरचा चिखल साडीच्या काठाला लागतो. हेच पुढच्या सीटवरही करून पाहा. नंतर त्यांना दहा-पंधरा मिनिटे बसून राहू द्या, कारण गुडघा आखडल्याचे कळते ते उठताना. त्यांच्या फिजिओथेरपिस्टने किती खालच्या आसनावर बसायला मनाई केली आहे, तेही आधी विचारून ठेवा.

इथे भावाच्या सेडानच्या आग्रहाचीही परीक्षा होईल. सेडानची सीट जमिनीच्या जवळ असते. बसताना गुडघा जास्त वाकतो आणि उठताना अंग वर ओढून घ्यावे लागते. कूपे एसयूव्हीची सीट साधारण कमरेच्या उंचीला येते, त्यामुळे गुडघ्यांना तीच अधिक सोयीची पडण्याचा संभव आहे. आटोपशीरपणाचे म्हणाल, तर व्हर्ना आणि व्हर्टस या सेडान साडेचार मीटरहून लांब आहेत, तर बसाल्ट ४,३५२ मिलिमीटर आणि कर्व्ह ४,३०८ मिलिमीटर लांब आहे. सेडान म्हणजे समंजस निवड, हे समीकरण तुमच्या घरापुरते तरी आपोआप सिद्ध होत नाही.

उतरत्या छतामुळे सामानाची जागा जाते, हा समजही या दोन गाड्यांना लागू पडत नाही. बसाल्टची डिकी ४७० लिटरची आणि कर्व्हची ५०० लिटरची आहे, आणि काचेसह अख्खे झाकण वर उचलले जात असल्याने मोठी बॅगही आडवी आत जाते. जागा कमी होते ती मागे बसणाऱ्याच्या डोक्यावरची. त्याहून तुम्हाला रोज जाणवेल ते मागचे दृश्य. आडव्या कललेल्या काचेतून आरशात रस्त्याची अरुंद पट्टी दिसते आणि त्या काचेवर धूळ व पावसाचे पाणी अधिक साचते. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर डाव्या-उजव्या बाजूंनी दुचाकी घुसत असताना ही उणीव किरकोळ नाही. म्हणून मागचा कॅमेरा, मागचा वायपर आणि मोठे बाहेरचे आरसे यांची चौकशी सनरूफच्या आधी करा. भर दुपारी मागच्या सीटवर बसूनही पाहा. काच डोक्यामागे कललेली असल्याने ऊन मानेवर येते, आणि त्यावर काळी फिल्म लावण्याचा उपाय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंद केला आहे.

आता त्या जर्मन गाडीविषयी. खरे सांगायचे, तर तुमचे मन तिच्याकडेच ओढ घेते आहे, असे पत्र वाचताना वाटले. आपल्याकडे दोन दारांची गाडी कधीच फारशी रुजली नाही. साठच्या दशकात मद्रासला तयार होणारी स्टँडर्ड हेरॉल्डही सुरुवातीला दोन दारांची होती, पण पुढे कंपनीला भारतासाठी खास चार दारांची आवृत्ती काढावी लागली. त्यामुळे दोन दारांची ऐटबाज गाडी परवडेल अशा किमतीत दिसली की हात शिवशिवतात, हे मी समजू शकते. मात्र आठ वर्षांनी जी गाडी १५ लाखांना मिळते, तिचे टायर, सस्पेन्शनचे भाग, गिअरबॉक्सची दुरुस्ती आणि दिव्यांचा संच हे सगळे मूळच्या किमतीच्याच हिशेबाने मिळते. सुटा भाग परदेशातून यायचा असेल, तर गाडी काही आठवडे गॅरेजमध्ये पडून राहू शकते, आणि तुमच्याकडे ऑफिसला न्यायला दुसरी गाडी नाही. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर अधिक आणि मुदत कमी असते. झिरो डेप्रिसिएशन (सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई) आणि इंजिन प्रोटेक्ट (पाणी शिरून बिघडलेल्या इंजिनाची भरपाई) ही जोड-कवचे गाडीचे वय वाढले की बहुतेक विमा कंपन्या देत नाहीत, आणि मुंबईत नेमकी त्यांचीच गरज पडते. पंपावर आता सर्रास २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. आठ वर्षांपूर्वीची गाडी त्यासाठी बनवली आहे का, हे कंपनीच्याच कागदपत्रांवरून तपासावे लागेल.

तिच्या बाबतीत आईंचा प्रश्नही खरा आहे, फक्त भाऊ म्हणतात त्या कारणाने नाही. आई पुढेच बसतील, पण ती सीट जमिनीपासून सेडानहूनही खाली असते. दोन दारांच्या गाडीचे दार लांब असते आणि ते पुरेसे उघडायला बाजूला मोकळी जागा लागते, जी आपल्या पार्किंगमध्ये नसते. गाडीचे पोट जमिनीलगत असल्याने सोसायट्यांनी हौसेने घातलेले गतिरोधक ती घासत ओलांडते. शिवाय जुलैच्या एखाद्या दुपारी सखल भागात पाणी भरले की उंच गाडीला जे पाणी चाकाच्या मध्यापर्यंत येते, तेच हिच्या इंजिनात हवा ओढणाऱ्या नळीच्या जवळ पोहोचते. घरात दुसरी, कामाची गाडी असलेल्या आणि रविवारी सकाळी सागरी किनारा मार्गावर फेरी मारण्यात आनंद मानणाऱ्या वाचकांनी अशी गाडी जरूर घ्यावी. त्यांनी अधिकृत वर्कशॉपकडून तपासणी, सर्व्हिसची पूर्ण नोंद, आधीच्या विमा दाव्यांचा तपशील आणि आधीचे कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५ हे हाती आल्याशिवाय टोकन देऊ नये. तुमच्या एकुलत्या एका गाडीसाठी मात्र माझे मत स्पष्ट नकाराचे आहे.

नव्या गाड्यांकडे वळताना आधी गिअरबॉक्स ठरवा, छताचा आकार नंतर. बोरिवली ते ऐरोली हे अंतर वाटेनुसार २५ ते ३० किलोमीटर आहे आणि त्यातला मोठा भाग पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटत कापावा लागतो. बसाल्टच्या ११० पीएस क्षमतेच्या टर्बो पेट्रोल इंजिनासोबत सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (तेलाच्या माध्यमातून ताकद चाकांकडे नेणारा) ऑटोमॅटिक मिळतो, तर कर्व्हला सात गिअरचा ड्युअल क्लच (आळीपाळीने काम करणाऱ्या दोन क्लचचा) ऑटोमॅटिक मिळतो. ड्युअल क्लच मोकळ्या रस्त्यावर चपळ वाटतो. मात्र चढावर, बंपरला बंपर लावून, इंचाइंचाने पुढे सरकताना टॉर्क कन्व्हर्टर अधिक सौम्य वागतो, आणि तुमच्या रस्त्यासाठी मला तोच पसंत आहे. म्हणूनच शोरूमच्या मागच्या मोकळ्या गल्लीतली टेस्ट ड्राइव्ह उपयोगाची नाही. सकाळी साडेआठला डेमो गाडी मागवा, पश्चिम द्रुतगती मार्गावरून लिंक रोडला लागा आणि एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर रांगेत अडकू द्या. ब्रेकवरून पाय काढल्यावर गाडी धक्का न देता हळूच पुढे सरकते का, हे तिथे पाच मिनिटांत कळेल.

परतताना तीच गाडी तुमच्या पझल पार्किंगमध्ये नेऊन उभी करा. हे बहुतेक जण करत नाहीत आणि डिलिव्हरीच्या दिवशी पेढ्यांचा बॉक्स हातात घेऊन वॉचमनशी हुज्जत घालत बसतात. पॅलेट म्हणजे गाडी उभी करायची सरकती फळी; तिच्याजवळच्या फलकावर लांबी, रुंदी, उंची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते. सेडानसाठी ठेवलेल्या मजल्यांची उंची कमी असते आणि बसाल्ट व कर्व्ह दोन्ही सुमारे १.६ मीटर उंच आहेत, त्यामुळे तुमच्या वाट्याचा मजला कोणता यावर सगळा निर्णय फिरू शकतो. पॅलेटवर चढल्यावर आरसे मिटल्याशिवाय खांबातून जाता येते का आणि गाडीतून उतरण्याइतके दार उघडते का, तेही पाहा. आईंना अर्थातच पॅलेटवर न नेता, खाली पोर्चमध्येच घ्यायचे-सोडायचे आहे. तिथे गाडी दोन मिनिटे थांबू देतात का, हा प्रश्न सोसायटीच्या सेक्रेटरींना आत्ताच विचारून टाका.

दोन्हींत निवड करायची तर बसाल्टची मागची सीट मला उजवी वाटते. तिचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर) २,६५१ मिलिमीटर, तर कर्व्हचा २,५६० मिलिमीटर आहे, त्यामुळे मागे पाय ठेवायला जागा अधिक मिळते. शिवाय वरच्या व्हेरियंटमध्ये मांडीखालची गादी थोडी वर उचलता येते. गुडघ्याच्या रुग्णाला अशा आधाराचा किती उपयोग होतो, हे आईच सांगू शकतील. कर्व्हची बाजू सुरक्षेत आणि सेवेत भक्कम आहे. भारत एनकॅप या अपघात-सुरक्षेच्या सरकारी चाचणीत तिला पाच, तर बसाल्टला चार तारे मिळाले आहेत, आणि टाटाची सेवा केंद्रे तुम्हाला बोरिवलीपासून ऐरोलीपर्यंत आणि पुढे कोकणातही भेटतील, जे सिट्रोएनबाबत म्हणता येत नाही. पुढेमागे विकतानाही हा फरक जाणवेल. मात्र ऑटोमॅटिक घ्यायचे ठरले, तर कर्व्हचे वरचे व्हेरियंट तुमच्या १५ लाखांत बसणार नाहीत आणि तिची इलेक्ट्रिक आवृत्तीही त्यात बसत नाही.

तुमच्या यादीत नसलेले एक नाव मी सुचवते: मारुती फ्रॉन्क्स. तिचेही छत मागे उतरते, जरी कर्व्हइतके ठसठशीत नाही. लांबी ३,९९५ मिलिमीटर, म्हणजे चार मीटरच्या आत. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतील आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, तर कर्व्ह आणि बसाल्ट लांबीमुळे ४० टक्क्यांच्या गटात जातात. फ्रॉन्क्सच्या एक लिटर टर्बो इंजिनासोबतही टॉर्क कन्व्हर्टर मिळतो. डिकी मात्र ३०८ लिटरचीच आहे. तिला पाहून तुमचे मन हलले नाही, तर सोडून द्या. ९ लाखांचे कर्ज काढून मन न हललेली गाडी घेण्यात काही अर्थ नाही.

पैशांचा हिशेब थोडक्यात. ९ लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतले, तर हप्ता सुमारे १८,७०० रुपये येतो आणि व्याजापोटी एकूण सव्वादोन लाखांच्या आसपास जातात. आठवड्याला तीन फेऱ्या, लिटरला ११ किलोमीटर आणि पेट्रोल १०० रुपये धरले, तरी नुसत्या ऑफिसचे इंधन महिन्याला ७ हजारांच्या घरात जाते. महाराष्ट्रात वैयक्तिक पेट्रोल गाडीवर १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि १० ते २० लाखांत १२ टक्के वाहनकर (रोड टॅक्स) आहे, त्यामुळे शोरूमची किंमत १० लाखांच्या किंचित अलीकडे की पलीकडे, हे पाहण्यासारखे आहे. विम्यात इंजिन प्रोटेक्ट घ्याच आणि विमा शोरूममधूनच घेण्याची सक्ती नसते हे लक्षात ठेवून बाहेरचाही भाव विचारा.

एका गोष्टीवर मात्र आत्ता भिस्त ठेवू नका. ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचे भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झाले आणि सुमारे ११.८ किलोमीटरचा तो मार्ग खुला झाला, की ऐरोलीचा तुमचा प्रवास पार बदलेल. पण तोपर्यंत हप्त्यांची बरीच वर्षे उलटलेली असतील; गाडी निवडायची ती आजच्या लिंक रोडसाठी.

माझा कल विचाराल तर तो टर्बो ऑटोमॅटिक बसाल्टकडे आहे, दोन अटींवर: ती तुमच्या पॅलेटवर बसली पाहिजे आणि घरापासून सोयीच्या अंतरावर तिचे सेवा केंद्र असले पाहिजे. यांपैकी एखादी जरी अट पूर्ण झाली नाही, तर कर्व्हचे खालचे ऑटोमॅटिक व्हेरियंट पाहा, अर्थात तीही आधी पॅलेटवर चढवून. आईंना दोन्हींत पुढच्या सीटवरही बसणे जड गेले, तरच भावाचा मुद्दा ग्राह्य धरा, आणि तेव्हासुद्धा सेडानऐवजी सरळ छताच्या उंच हॅचबॅककडे वळा. शोरूमला जाताना भावालाही सोबत घ्या आणि त्यांना मागे बसवा.

बुकिंगची रक्कम परत मिळण्याची अट पावतीवर लेखी घ्या. वर्षअखेरीची सवलत घेताना गाडीचा निर्मितीचा महिना चॅसिस क्रमांकावरून तपासा. नोंदणी जानेवारीत केली, तरी निर्मितीचे वर्ष आदलेच राहते आणि विकताना गिऱ्हाईक तेच पाहते. त्यामुळे सवलत मोठी असेल आणि गाडी सात-आठ वर्षे ठेवणार असाल तरच ती स्वीकारा. आणि नोंदणीपूर्वी गाडी दिवसाउजेडी पाहा, कारण उतरत्या छतावरचा रंगाचा ओरखडा शोरूमच्या दिव्यांखाली दिसत नाही.